पाच रत्तींचा पाचू: वजन जुळलं, माप जुळेना

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातलं हे कुटुंब आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. वजनं, मापं आणि निर्णयांचा क्रम तसाच ठेवला आहे, कारण सगळा धडा त्यातच आहे. मी रत्नपरीक्षणाचं काम करते. हे प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा ते अर्धं घडून गेलं होतं.

घरात आजींची एक अंगठी होती. सोन्याची, वर चौकोनी, कोपरे छाटलेला पाचू. १९५४ साली लग्नात सासरकडून आलेली. नातीचं लग्न ठरलं, तेव्हा ती अंगठी तिच्या बोटात घालायची असं आजी हयात असतानाच ठरलेलं होतं. लग्नाआधी अंगठी उजळून घ्यावी म्हणून आईने ती एका दुकानात दिली. तिथे ती अल्ट्रासॉनिक यंत्रात टाकली गेली. पाचूत जन्मजात बारीक चिरा असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून बहुतेक खड्यांत तेल किंवा रेझिन मुरवलेलं असतं. यंत्राच्या कंपनांनी आणि गरम द्रावणाने ते तेल निघून जातं, आणि चीर खोल असली तर वाढतेही. इथे खडा एका कोपऱ्यापासून मधोमध फुटला. दुकानदाराने तुकडे कागदाच्या पुडीत बांधून परत दिले.

अंगठी वाचली होती. खड्याचं घर शाबूत होतं, त्याला धरणारी चारही टोकं धड होती. आईने ठरवलं की अंगठी तीच ठेवायची आणि त्यात नवा पाचू बसवायचा. डब्यात जुनी पावतीही मिळाली. त्यावर सोन्याचं वजन तोळे-मासे-रत्तींत होतं आणि खाली एक ओळ: ‘पाचू नग १, रत्ती ५’.

अडचण

आई आणि मुलगी ती पावती घेऊन त्यांच्या नेहमीच्या सराफांकडे गेल्या. सराफ सरळ माणूस, तीन पिढ्यांचा संबंध. त्यांनी पावती वाचली, मोबाइलवर हिशोब केला आणि सांगितलं, ‘वहिनी, पाच रत्ती म्हणजे साडेचार कॅरेट. जयपूरहून मागवतो.’

हा हिशोब आजच्या बाजाराप्रमाणे बरोबर होता. खड्यांच्या व्यवहारात आज साधारण ०.९१ कॅरेटची रत्ती धरतात, म्हणजे सुमारे १८२ मिलिग्रॅमची. ‘सव्वापाच रत्तीचा पन्ना’ (पन्ना म्हणजे पाचूच) असं ज्योतिषी लिहून देतात तेव्हा दुकानात हीच रत्ती चालते. या रत्तीने ५ रत्ती म्हणजे ४.५५ कॅरेट.

मुलीने आपल्या परीने खात्रीही केली. अंगठीतलं घर पट्टीने मोजलं: १० मिलिमीटर लांब, ८ रुंद. मग मोबाइलवर कॅरेट आणि मिलिमीटरचा तक्ता शोधला. त्यात या आकाराच्या खड्यासमोर जवळजवळ चार कॅरेट लिहिलेलं होतं. साडेचार आणि चार, फार अंतर नाही असं तिला वाटलं. तो तक्ता हिऱ्यांचा होता.

काही दिवसांनी जयपूरच्या दलालाने दोन खडे जांगडावर पाठवले, म्हणजे पसंत पडले तर ठेवा, नाहीतर मुदतीत परत करा या बोलीवर. दर दोन्हींचा सारखाच, कॅरेटला ३०,००० रुपये. घरच्यांनी खड्यासाठी १,४०,००० रुपये बाजूला ठेवले होते.

पहिला खडा ४.५३ कॅरेटचा: ११.५ × ९.२ × ६.३ मिलिमीटर. किंमत १,३५,९००. रंग छान, पण घरात बसायचा प्रश्नच नव्हता, चारही बाजूंनी बाहेर.

दुसरा ४.४९ कॅरेटचा: १०.२ × ८.१ × ८.० मिलिमीटर. किंमत १,३४,७००. वरून अंगठीवर ठेवला तर अगदी मापाचा वाटत होता. पण त्याची खोली जवळजवळ रुंदीइतकीच होती. मध्यभागी तो काळपट दिसत होता, आणि जुन्या घरात बसवला असता तर त्याचं टोक बोटाला टोचलं असतं.

दोन्ही खड्यांचं वजन जवळपास एकच. एक मोठा दिसत होता, दुसरा लहान. आईचा प्रश्न साधा होता: पावतीवरच्या वजनाचा खडा मागवला, तर तो जुन्या घरात का बसत नाही?

वजनाचं आणि मापाचं नातं

सराफांनीच त्यांना माझ्याकडे पाठवलं, दोन्ही खडे आणि जुन्या तुकड्यांची पुडी घेऊन. मी आधी पुडी उघडली. तुकडे एकत्र करून कॅरेटच्या काट्यावर ठेवले. वजन भरलं २.९६ कॅरेट. थोडा चुरा हरवला होता हे धरलं, तरी मूळ खडा तीन कॅरेटच्या आसपासचा. साडेचारचा तो कधीच नव्हता.

मग पावती चुकीची होती का? नाही. १९५४ सालच्या सराफाने खडा सोन्याच्या रत्तीने तोलला होता, आपल्याकडे जिला गुंजही म्हणत. १२ मासे म्हणजे १ तोळा, ८ गुंजा म्हणजे १ मासा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. तोळा ११.६६४ ग्रॅमचा, तेव्हा एक गुंज ०.१२१५ ग्रॅमची. पाच गुंजा ०.६०७५ ग्रॅम. आणि एक कॅरेट म्हणजे बरोबर ०.२ ग्रॅम, तेव्हा ३.०४ कॅरेट. पुडीतल्या तुकड्यांशी हे जुळत होतं. पावती १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याआधीची होती, सोन्याचं वजनही त्याच भाषेत लिहिलेलं होतं. एकाच कागदावर सोन्याला एक रत्ती आणि खड्याला दुसरी, असं त्या सराफाने कशाला केलं असतं?

कॅरेटचा फायदा हाच आहे. तोही पूर्वी गावोगावी थोडा वेगळा होता. १९०७ साली आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेने तो २०० मिलिग्रॅमवर पक्का केला, आणि आता मुंबई, जयपूर, बोगोटा, सगळीकडे तो तेवढाच आहे. रत्तीचं तसं झालं नाही. म्हणून खड्याचं वजन रत्तीत सांगितलं गेलं, तर ते मिलिग्रॅममध्ये किंवा कॅरेटमध्ये लिहून मागावं. सांगणारा कितीही विश्वासाचा असला तरी.

आता तक्त्याची गोष्ट. हिऱ्याची घनता ३.५२, पाचूची सुमारे २.७२. म्हणजे एकाच मापाचा आणि घाटाचा हिरा पाचूपेक्षा जवळजवळ ३० टक्के जड. ज्या आकाराचा पाचू ३.०४ कॅरेट भरतो, त्या आकाराचा हिरा ३.९ च्या पुढे जातो. माणिक आणि नीलम तर आणखी जड, घनता ४ च्या आसपास. प्रत्येक रत्नाचा तक्ता वेगळा हवा. मुलीचा हिशोब चुकला नव्हता, तिने वेगळ्याच दगडाचा हिशोब केला होता. आणि दुर्दैव असं की त्या चुकीच्या तक्त्याने सराफांच्या आकड्याला आधार दिला. दोन वेगवेगळ्या चुका एकमेकींजवळ आल्या की दोन्ही खऱ्या वाटू लागतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वजन लांबी, रुंदी आणि खोली या तिन्हींतून येतं. डोळ्याला फक्त लांबी-रुंदी दिसते. दुप्पट वजनाचा लाडू ताटात दुप्पट रुंद दिसत नाही, तसंच इथे. खडा दीडपट जड झाला आणि घाट तोच राहिला, तर प्रत्येक बाजू फक्त १४ टक्क्यांनी वाढते. १० × ८ च्या ऐवजी साधारण ११.४ × ९.२. पहिला खडा नेमका असाच होता: आजींच्या खड्याचा मोठा भाऊ.

दुसऱ्या खड्यात मात्र सगळं जादा वजन पोटात गेलं होतं. या पायरी-पैलूंच्या चौकोनी घाटाचं वजन अंदाजता येतं: लांबी × रुंदी × खोली मिलिमीटरमध्ये, गुणिले २.७२, गुणिले साधारण ०.००२५. घाटाप्रमाणे शेवटचा आकडा थोडा बदलतो, पण हाताशी ठेवावा असा हा हिशोब आहे. १०.२ × ८.१ चा खडा ५.६ मिलिमीटर खोल असता, तर ३.१५ कॅरेट भरला असता. तो ८ मिलिमीटर खोल होता म्हणून ४.४९ भरला. १.३४ कॅरेट, म्हणजे ३०,००० च्या दराने ४०,२०० रुपये, बोटावर कधीच दिसणार नव्हते.

हे सांगताना पैलू पाडणाऱ्यावर आरोप करायचा नाही. कच्चा माल महाग, विक्री कॅरेटवर, तेव्हा पोटात वजन राखणं हा त्याच्या धंद्याचा भाग आहे. शिवाय फिकट स्फटिकात रंग गडद दिसावा म्हणून खोली मुद्दाम ठेवतात, आणि काही स्फटिकांत रंग बाहेरच्याच थरात असतो, तो वाचवायलाही पोट जाड राहतं. उलट फार उथळ खडाही वाईट. पाचूचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याची ताकद, १.५७-१.५८ च्या आसपास, हिऱ्याच्या २.४२ पेक्षा खूपच कमी, त्यामुळे उथळ पाचूतून प्रकाश परत न येता सरळ आरपार जातो. मधोमध फिकी खिडकी दिसते, खालचं बोट दिसतं. खोली रुंदीच्या ६० ते ७५ टक्के असेल तर मी सहसा निर्धास्त असते. दुसऱ्या खड्याची जवळजवळ ९९ टक्के होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय: मोठा खडा घ्यायचा आणि अंगठीचा माथा नव्याने घडवायचा. खडा देखणा होता, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण मग आजींच्या अंगठीतलं फक्त कडं उरलं असतं.

दुसरा: खोल खडा घ्यायचा आणि घर अडीच मिलिमीटर उंच करायचं. सराफांचा कल सुरुवातीला याकडे होता, कारण वरून माप जुळत होतं आणि ‘पाच रत्ती’ही होत होत्या. अंगठी उंच झाली की ती दारात, ओट्यावर आपटते. पाचूची कठिणता ७.५ ते ८ असली तरी चिरांमुळे तो धक्क्याला हिऱ्यापेक्षा फार नाजूक असतो. नातीला ही अंगठी रोज घालायची होती.

तिसरा: खोल खडा विकत घेऊन त्याचं पोट उतरवून घ्यायचं. जांगडावरचा खडा कापता येत नाही, आधी पूर्ण पैसे भरावे लागतात. मग १.३४ कॅरेट धूळ होणार, आणि कापताना एखादी चीर वाढली तर नुकसान घरच्यांचं. रंग कदाचित उजळला असता. कदाचित फारच उतरला असता.

चौथा: प्रयोगशाळेत वाढवलेला पाचू. ठरावीक मापांत सहज मिळतो, चिरा कमी, किंमत अगदी थोडी. रासायनिकदृष्ट्या तो पाचूच असतो, फक्त तसं सांगून विकला गेला पाहिजे. मुलीला तो चालला असता. आईला नाही.

पाचवा: दोन्ही खडे परत करायचे आणि वजन विसरून मापाने खडा मागवायचा. यात वेळेचा धोका होता. लग्नाला दोन महिने राहिले होते.

निर्णय कुठे अडला

वाटलं होतं त्यापेक्षा वेगळ्याच ठिकाणी अडला. घरातल्या आत्या म्हणाल्या, ‘आईच्या बोटात पाच रत्तींचा पन्ना होता. तिच्या नातीला तीन कॅरेटचा? कमी का करायचं?’ आत्यांचं म्हणणं पैशाचं नव्हतं, मानाचं होतं, आणि त्याला तक्त्यांनी उत्तर देता येत नाही. म्हणून मी त्यांना बोलावून घेतलं आणि त्यांच्याच हाताने जुने तुकडे काट्यावर ठेवायला सांगितले. २.९६. आत्यांनी तो आकडा दोनदा वाचला. त्यानंतर ‘कमी’ हा विषय निघाला नाही.

सल्ला देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं. आपल्याकडे अंगठीच्या खड्याला ग्रहाचा, वडिलांच्या शब्दाचा, सासरच्या देण्याचा अर्थ असतो. तो बाजूला सारून फक्त घनतेचं गणित मांडलं, तर माणसं गप्प बसतात आणि नंतर मनाविरुद्ध खरेदी करतात.

काय केलं

दोन्ही खडे जांगडाच्या मुदतीत परत गेले. नवी मागणी सराफांनी लिहून पाठवली, आणि तीत वजनाचा आकडा शेवटी होता. आधी माप: लांबी ९.८ ते १०.१, रुंदी ७.८ ते ८.०, खोली ५.० ते ५.७ मिलिमीटर. मग रंग: मध्यम ते गडद हिरवा, मध्यभागी काळपट नको, खिडकी नको. मग तेल: कमी प्रमाणात, रंगीत तेल अजिबात नको. सर्वांत शेवटी, वजन २.६ ते ३.१ कॅरेटच्या दरम्यान येईल असा अंदाज. मुलीने मापं पुन्हा घ्यायला लावली, या वेळी पट्टीने नाही तर डिजिटल गेजने, आणि तीही घराच्या आतल्या कडेची. पट्टीच्या मोजणीत बाहेरची कड आली असती, तर पाव मिलिमीटरचा फरक पडला असता.

१० × ८ हे व्यापारातलं नेहमीचं माप आहे, त्यामुळे शोध सोपा जाईल असं वाटलं होतं. पण नैसर्गिक पाचूत खोली आणि रंग दोन्ही जमलेला खडा पटकन मिळत नाही. पुढच्या खेपेला आलेल्या खड्यांपैकी एकाला खिडकी होती, एकाची चीर पृष्ठभागापर्यंत आलेली होती. त्यानंतर आलेला झांबियाचा खडा मला पाहताक्षणी आवडला. १०.० × ७.९ × ५.३ मिलिमीटर, २.८४ कॅरेट, किंचित निळसर झाक असलेला हिरवा.

दर मात्र कॅरेटला ३८,००० रुपये. इथे आई बिचकल्या. आधीच्या खड्यांपेक्षा वजन कमी आणि दर जास्त, हे त्यांना उलटं वाटत होतं. साधारणपणे मोठ्या खड्याचा कॅरेटचा दर चढत जातो हे खरं, पण तो समान प्रतीच्या खड्यांत. आधीचा खोल खडा ३०,००० ला मिळत होता तो त्याच्या काळपट पोटामुळेच. आम्ही कागदावर एकूण रक्कम लिहिली: २.८४ गुणिले ३८,००० म्हणजे १,०७,९२०. आणि शेजारी १,३४,७००. वरून दिसणारं माप जवळजवळ तेच. कॅरेटचा दर दोन खड्यांची तुलना करायला एकटा पुरत नाही. एकूण किंमत आणि वरचं माप शेजारी ठेवलं की चित्र दिसतं.

पैसे देण्याआधी खडा सुटा असतानाच प्रयोगशाळेत पाठवला. हा आग्रह मी सोडत नाही. बसवलेल्या खड्याचं वजन अंदाजाने लिहावं लागतं, खोली नीट मोजता येत नाही आणि कडेच्या चिरा घराखाली झाकल्या जातात. अहवालात नैसर्गिक पाचू, वजन, तिन्ही मापं आणि तेलाचं प्रमाण ‘अल्प’ असं आलं.

निष्पत्ती

खडा घर न वाकवता बसला. जडणाऱ्या कारागिराने चार टोकांपैकी दोन किंचित आत घेतली, कारण खडा रुंदीला एक दशांश मिलिमीटर कमी होता. अंगठीची उंची जुनीच राहिली. मागणीपासून अंगठी हाती येईपर्यंत सुमारे पाच आठवडे गेले.

जुन्या खड्याचा मोठा तुकडा पैलू पाडून पदकात बसवता येईल का, हेही विचारून पाहिलं. त्यात एक चीर आरपार होती. घरच्यांनी तो तसाच ठेवला.

ज्या दुकानात खडा फुटला त्याच्याशी काय करायचं यावर घरात बरंच बोलणं झालं. अंगठी देताना खड्याची अवस्था कुठेही लिहून घेतलेली नव्हती, त्यामुळे मागणी पुढे रेटता आली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात तिथूनच करायला हवी. पाचूची अंगठी उजळायला देताना ‘यंत्रात टाकू नका, वाफ देऊ नका’ हे सांगून, पावतीवर लिहून घ्यायचं. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढं पाचूला पुरतं.

पुढचा वळणाचा क्षण पहिल्या भेटीत होता. तुकड्यांची पुडी त्याच टेबलावर होती आणि सराफांकडे काटाही होता. ते तोलले असते तर रत्तीचा घोळ दोन मिनिटांत सुटला असता आणि जयपूरची पहिली फेरी वाचली असती. जुना खडा हाताशी असेल, फुटका का असेना, तर कागदापेक्षा तोच पुरावा मोठा.

जुन्या अंगठीत खडा बसवायचा असेल तर मागणी मापाने द्यावी असं माझं ठाम मत आहे. नवी अंगठी घडवायची असेल तर थोडी मोकळीक असते, आधी मनासारखा खडा घ्यावा आणि मग त्याच्याभोवती घर बांधावं. अशा वेळी पहिला, ४.५३ कॅरेटचा खडा मी आनंदाने सुचवला असता. त्याच्यात दोष नव्हता, तो या अंगठीसाठी नव्हता इतकंच. आणि ज्यांना ज्योतिषाच्या सांगण्याप्रमाणे ठरावीक रत्ती हव्यातच, त्यांनी सांगणाऱ्यालाच विचारावं की कोणती रत्ती, किती मिलिग्रॅमची. सव्वापाच रत्ती एका हिशोबाने ३.१९ कॅरेट होतात, दुसऱ्याने ४.७८. एवढ्या फरकात आणखी एक खडा येतो.

एक गोष्ट मला अजूनही अपुरी वाटते. तारीख जवळ नसती, तर मी त्यांना आणखी थांबायला सांगितलं असतं आणि किमान तीन योग्य मापाचे खडे दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून निवडायला लावलं असतं. पाचूचा रंग दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली वेगळा दिसतो, उत्तरेच्या खिडकीत वेगळा. या कुटुंबाला मापात बसणारा एकच चांगला खडा पाहायला मिळाला आणि तो त्यांनी घेतला.